प्रतिसाद: जावाचे गिअर येझदीत?
तुमच्या येझदी क्लासिकचा दुसरा गिअर निसटतोय आणि घरात पडलेल्या जुन्या जावाच्या इंजिनातला गिअर काढून त्यात बसवू का असं विचारलंय, तर बसवता येईल पण सुटा एक गिअर नका बसवू. दोन्ही गाड्या म्हैसूरच्या, दोन्ही चार गिअरच्या, म्हणून लोक डोळे झाकून पार्ट बदलतात आणि मग गिअरबॉक्स रडायला लागतो. घासलेल्या गिअरसमोर दुसऱ्या गाडीतला गिअर आला की दात नीट जुळत नाहीत, त्यामुळे एकमेकांत फिरणाऱ्या दोन गिअरची जोडी काढा, जोडीच बसवा. आधी दोन्हीकडचे दात मोजा, बोअर (मधलं भोक) आणि जाडी व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) बघा.

आणि निसटण्याचं कारण बऱ्याचदा दातांत नसतंच! गिअरच्या बाजूला जे डॉग (शेजारच्या गिअरमध्ये अडकणारे खुंट) असतात त्यांच्या कडा बघा, नव्या असताना काटकोनी असतात, झिजून गोल झाल्या की लोड आला की गिअर बाहेर ढकलला जातो. सिलेक्टर फोर्कची (गिअर सरकवणाऱ्या काट्याची) टोकं पण बघा, एका बाजूने निळसर किंवा पातळ झाली असतील तर फोर्क बदला, नाहीतर नवीन गिअर पण तसाच जाईल. शिम (पातळ चकत्या) जिथल्या तिथे, सरकलिप (गिअर जागेवर धरणारी कडी) मात्र नवीनच.

चेंबर (इंजिन-गिअरबॉक्सचं बाहेरचं दोन भागांचं कवच) बदलायचं मनात असेल तर अर्धं ह्याचं अर्धं त्याचं अजिबात करू नका, दोन्ही भाग एकत्र मशीन केलेले असतात, बेअरिंगची लाईन जाते. शिवाय इंजिन नंबर चेंबरवरच असतो, आरसी बुकाशी जुळला नाही तर आरटीओत अडकाल.

डॉगचे फोटो टाका, बघून सांगतो.