कमी खर्चात परदेशातले डोंगर-रान पाहिलंय? अनुभव लिहा

काल माळा आवरताना जुन्या पाकिटात चपटं, तपकिरी पडलेलं एक फूल सापडलं आणि आवराआवरी तिथेच थांबली. लालीगुराँस, नेपाळचं राष्ट्रीय फूल. झाडाखाली पडलेलं उचललं होतं. एप्रिल २०१८.

लग्नाला दहा वर्षं झाली होती, घराचे हप्ते चालू होते. दोघांत मिळून पंचवीस हजार आणि दहा दिवस. कल्याणहून स्लीपरने गोरखपूर, पुढे बसने सोनौली. मतदार ओळखपत्र दाखवलं आणि कमानीखालून चालत नेपाळात! घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं तेव्हा ह्यांचा चेहरा बघायला हवा होता. आपल्या १०० रुपयांचे तिकडे १६० होतात, त्यामुळे जरा श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.

पोखराहून नयापुल, हिले आणि मग उल्लेरीच्या पायऱ्या. तीन हजारांच्या वर आहेत म्हणतात, माझ्या गुडघ्यांना जास्तच वाटल्या. पण वर घोरेपाणीला आख्खं रान लाल. खोली ३०० नेपाळी रुपयांत, अट एकच, जेवण त्यांच्याकडेच घ्यायचं. जेवण काय, दालभात, पुन्हापुन्हा वाढतात. जितकं वर जावं तितकं महाग, कारण सगळं सामान खेचरांच्या नाहीतर माणसांच्या पाठीवर येतं. ते ओझं पाहिल्यावर मी घासाघीस सोडली.

पहाटे काळोखात पून हिलला चढलो (३,२१० मी.). डावीकडे धवलगिरी, उजवीकडे अन्नपूर्णा नि माच्छापुच्छ्रे. उजाडताना शिखरं आधी गुलाबी, मग केशरी झाली. आम्ही दोघं तासभर काही बोललो नाही.

तुम्हीही लिहा ना. कुठे गेलात, पैसे कसे पुरवलेत?

गवतीचहा : उल्लेरी!! माझ्या पोटऱ्या आत्ता दुखल्या. आम्ही मेथीचे लाडू नेले होते, चौथ्या दिवसापर्यंत पुरले. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

रानवाटा : आता जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना गाईड घेणं बंधनकारक केलंय. निघण्याआधी चौकशी करा, तो खर्च धरूनच बजेट करा. गाईडचे पैसे वाया जात नाहीत. आमच्या गाईडदादाने पक्षी दाखवले, वाटेत त्याच्या मावशीकडे चहा पाजला.

नारळीभात : श्रीलंका. कँडी ते एल्ला रेल्वे. आरक्षण नव्हतं, दुसऱ्या वर्गाच्या दारात बसून गेलो. एका बाजूला चहाचे मळे, दुसऱ्या बाजूला दरी, मध्येच धुकं डब्यात शिरायचं. एल्लात नऊ कमानींचा पूल पाहायला पैसे पडत नाहीत. १९२१ चा, दगड-विटांचा, त्यात पोलाद नाही. लिटल ॲडम्स पीकवरही चालत गेलो. राहिलो एका घरात. तिथल्या ताई सकाळी पोल सांबोल करायच्या, ओलं खोबरं, लाल मिरची, लिंबू. माझी आजी मालवणची, तिच्या पाट्यावरची चटणीच आठवली. घास गिळवेना, डोळे भरून आले.

गवतीचहा : @नारळीभात अगं सविस्तर कृती दे की!

नारळीभात : छोटे कांदे, सुकी मिरची नि मीठ आधी कुटायचं, मग खोबरं, शेवटी लिंबू. त्या मालदिवी सुक्या माशाचा चुराही घालतात, तो आपल्या सुकटीच्या जवळ जातो.

पायवाट७२ : भूतानला २०१९ मध्ये गेलो, तेव्हा भारतीयांना रोजचं शुल्क नव्हतं. सप्टेंबर २०२२ पासून माणशी रात्रीला १,२०० रु. भरावे लागतात. चार जणांच्या कुटुंबाला जडच. तरी त्या पैशांतून जंगलं राखतात असं सांगतात, आणि जंगलं खरंच राखलीत, म्हणून मला राग येत नाही. आम्ही डिसेंबरात फोब्जिखाच्या खोऱ्यात गेलो होतो, तिबेटातून हिवाळ्यात येणारे काळ्या मानेचे क्रौंच पाहायला. शेतघरात राहिलो, बुखारीभोवती (लाकडं जाळायची शेगडी) बसून लाल भात नि एमा दात्शी, म्हणजे मिरची-चीजची भाजी. मिरची तिकडे भाजी म्हणून खातात हे आधी माहीत असू द्या.

एकटीच : मी कुठेच गेले नाही अजून. आईला बघायचं असतं, ७१ वर्षांची आहे, गुडघे गेलेत. तिला एकदा हिमालय दाखवायचा आहे. चढणं शक्य नाही. तुमचं वाचून हुरूप आला म्हणून विचारते, जमेल का?

धागाकर्ती : @एकटीच जमेल गं! पोखराला फेवा तलावाकाठीच राहा. आकाश मोकळं असलं की तिथूनच माच्छापुच्छ्रे दिसतं, संध्याकाळी नावेत बसव. सारंगकोटच्या टेकडीवर गाडी बरीच वर जाते. ऑक्टोबर-नोव्हेंबर धर, पावसाळ्यात ढग असतात. दोघींची मतदार ओळखपत्रं घे. सोनौली-पोखरा रस्ता वळणांचा आहे, आईला त्रास होईल, मध्ये तानसेनला मुक्काम कर.

रानवाटा : आवळा सुपारी जवळ ठेवा वळणांना. आणि काकूंना खिडकी.

एकटीच : आत्ता आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, तिकडे थंडीला कानटोपी पुरेल की नवी विणू?

गवतीचहा : नवीच विणा म्हणावं काकू 😊