मदत हवी आहे : यंत्रमागांच्या खडखडाटात गिटारचा संथ नाद कसा ऐकावा?

नमस्कार. एकाच स्वरावर दीर्घकाळ रेंगाळणारे, शब्दांविना चालणारे गिटारवादन, ज्याला ड्रोन संगीत म्हणतात, ते मी वर्षभरापासून रोज रात्री ऐकतो. १९९३ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे सुरू झालेल्या 'स्टार्स ऑफ द लिड' या संगीतगटामुळे ही गोडी लागली. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, तसेच इथेही बराच वेळ कान लावून बसल्यावर मूळ स्वराच्या पोटातून सूक्ष्म स्वर उमलतात आणि दिवसभराचे विचार हळूहळू निवळतात.

अडचण अशी की आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात असून शेजारचे यंत्रमाग रात्रपाळीतही चालू असतात. खिडकीत ठेवलेल्या तांब्यातले पाणीसुद्धा थरथरत असते. गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते आणि नेमका तोच खर्ज माझ्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर हरवतो. आवाज वाढवला की नाद फाटतो.

कान पूर्ण झाकणारे साधे हेडफोन घ्यावेत, की नॉइज कॅन्सलिंगचे, म्हणजे बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाबणारे? दुसरा प्रकार एकसारख्या घरघरीवर चांगला चालतो, पण धोट्याच्या तुटक ठोक्यांवर तो कितपत उपयोगी पडतो आणि त्यामुळे खर्जाचा पोत बदलतो का, हे प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे. इथल्या उन्हाळ्यात तासभर घालता येणे आवश्यक आहे. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये आहे. शहरात ऐकून पाहून घेता येईल असे दुकान माहीत असल्यास तेही कळवावे.