एमआरआयमध्ये छोटी सिस्ट दिसली, म्हणून तालीम बंद?

तांबडी_माती:
कोल्हापुरात हा प्रश्न वरचेवर येतो, म्हणून वेगळा धागा. पोरगं १७-१८ वर्षांचं, गंगावेस किंवा मोतीबागेसारख्या तालमीत मुक्कामी. डोकं दुखतं म्हणून एमआरआय होतो आणि रिपोर्टात ओळ येते: डाव्या मिडल क्रेनियल फॉसात (कवटीत कानशिलामागच्या खोबणीत) अरॅक्नॉइड सिस्ट, २.२ बाय १.५ सेंमी, गॅलासी टाइप १ (आकारावरून केलेल्या तीन प्रतींतली सगळ्यात छोटी). घरात रडारड, आणि दुसऱ्या दिवशी लंगोट खुंटीला.

माझं मत स्पष्ट आहे: एवढ्यावरून कुस्ती सोडवू नये. अरॅक्नॉइड सिस्ट म्हणजे कॅन्सरची गाठ नव्हे. मेंदूवरच्या पातळ पडद्याच्या पदरात साठलेलं मेंदूतलंच पाणी ते, बहुतेकदा जन्मापासूनचं. मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी हजारो एमआरआय तपासले, त्यात मोठ्यांमध्ये सुमारे १.४ टक्के आणि मुलांमध्ये २.६ टक्के जणांना ती निघाली. वाढताना दिसली ती मुख्यतः चार वर्षांच्या आतल्या पोरांत. सतराव्या वर्षी ती झाली नाही, फक्त दिसली. टाइप १ म्हणजे तर मेंदूच्या कानशिलाकडच्या टेम्पोरल भागाच्या टोकाशी असलेली छोटी, चपटी सिस्ट. मेंदूला ढकलत नाही.

डोकेदुखीचं खापरही लगेच तिच्यावर फोडू नका. वजन उतरवायला पाणी तोडणं, अपुरी झोप, मायग्रेन, चष्म्याचा नंबर, महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळ्या, हे सगळं आधी बघायचं.

पट_काढणारा:
सहमत नाही. तुम्ही आकडे देताय सिस्ट वाढते का याचे, प्रश्न आहे फुटते का याचा. या सिस्टच्या भिंतीवरून बारीक शिरा जातात आणि त्यांना मागून मेंदूचा टेकू नसतो. झटका बसला की शीर तुटते आणि रक्त ड्यूराखाली (मेंदूवरच्या जाड पडद्याखाली) किंवा थेट सिस्टमध्ये उतरतं. कधी नुसती भिंत फाटते आणि पाणी ड्यूराखाली पसरतं. धोबीपछाड, कलाजंग यांत माणूस खांद्यावरून खाली येतो, मान वाकडी, डोक्याला जबरी हिसका. मऊ माती असली तरी हिसका तोच.

आणि हा रक्तस्राव लगेच कळतोच असं नाही. दोन-तीन आठवड्यांनी डोकं ठणकायला लागतं, सकाळी उलटी होते, पोरगं सुस्तावतं. तालमीत त्यावर उत्तर काय? "थंडाई पी आन् झोप." माझा आक्षेप सिस्टला कमी, या उत्तराला जास्त आहे.

फिल्म_वाचणारी:
थांबा जरा. ती अरॅक्नॉइड आहे हे दोघांनीही गृहीत धरलंय. कुस्तीचं नंतर.

अरॅक्नॉइडमधलं पाणी एमआरआयच्या प्रत्येक सिक्वेन्सवर (चित्र काढायच्या प्रत्येक पद्धतीत) मेंदूतल्या पाण्यासारखंच दिसलं पाहिजे: टी-२ वर पांढरं, फ्लेअरवर पूर्ण काळं, डिफ्यूजनवरही काळं. डिफ्यूजनवर चमकली तर एपिडर्मॉइडचा, म्हणजे कातडीच्या पेशींनी भरलेल्या गाठीचा, विचार करा. आत बारीक ठिपका दिसतोय, कडेला सूज आहे, पोराला फिट आली आहे, तर न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे मेंदूत टेपवर्म जंताच्या अळ्या बसण्याचा आजार. आपल्याकडे तो शाकाहारी घरांतही निघतो, कारण मेंदूत पोचतात ती अंडी, आणि ती माणसाच्या विष्ठेतून न धुतलेल्या भाजीवर, पाण्यात किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या हातावर येतात. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्ल्याने होतो तो आतड्यातला टेपवर्म.

सगळ्यात फसवी म्हणजे याच आजाराची, मेंदूच्या खाचांत घोसाने वाढणारी रेसिमोज जात. तिच्यात ठिपका नसतो आणि ती नेमकी मेंदूच्या बाजूच्या सिल्व्हियन खाचेत बसते, अरॅक्नॉइडसारखीच. शंका असेल तर सिस (CISS) किंवा फिएस्टा (FIESTA) हा बारीक सिक्वेन्स मागा, भिंत दिसते.

मेडिकलमधून अल्बेंडाझोल ही जंताची गोळी आणून "जंतावर" देऊ नका. जंत मरताना सूज वाढते. म्हणून आधी डोळ्याच्या पडद्याची तपासणी, मग स्टेरॉइडच्या आडोशाने किलोला रोज १५ मिग्रॅ, दोन वेळांत विभागून, तेही डॉक्टरांनी ठरवलेले १०-१४ दिवस. मेंदूचा दाब वाढलेला असताना ते देत नाहीत.

आणि 'कॉलॉइड सिस्ट, तिसरं व्हेंट्रिकल' लिहिलं असेल तर या धाग्यातला धीर विसरा. ती मेंदूतल्या पाण्याच्या वाटेवरच बसते. ७ मिमीपासून पुढे धोका वाढतो, वाट अचानक बंद झाली तर जीव जातो. लगेच न्यूरोसर्जन.

रंकाळा_चक्कर:
एवढी कटकट कशाला? एकदा ऑपरेशन करून टाकायचं आन् बिनघोर लढायचं.

तांबडी_माती:
राव, टाइप १ ला दुर्बिणीतून भिंत उघडायची की शंट (पाणी काढून देणारी नळी) टाकायचा, हा प्रश्नच लक्षणं नसताना येत नाही. ज्या सबड्युरलच्या, म्हणजे ड्यूराखाली साठण्याच्या, भीतीने ऑपरेशन करायचं, तेच पाणी किंवा रक्त ऑपरेशननंतर साठू शकतं. शंट टाकला तर तो तुंबतो, त्याला जंतुसंसर्ग होतो. आणि ऑपरेशननंतर रक्तस्रावाचा धोका शून्य होतो असंही नाही.

पट_काढणाऱ्याचं फुटण्याचं म्हणणं खरं आहे, पण ते अर्धंच झालं. फुटणं जास्त आढळलंय ते दोन गटांत: सिस्ट ५ सेंमीच्या पुढे गेलेली, आणि गेल्या महिन्याभरात डोक्याला मार लागलेला. २.२ सेंमीला ५ सेंमीचं भय कशाला? टाइप ३, म्हणजे सगळ्यात मोठा, असता तर मीच म्हटलं असतं, मैदान बंद.

पट_काढणारा:
कमी धोका म्हणजे नाही असं नव्हे. तरी मधला रस्ता काढू. दंड, बैठका, दोर चालू. डोकं टेकून पूल आणि उचलून आपटायचे डाव तीन महिने बंद. न्यूरोसर्जनने फिल्म स्वतः बघून लेखी दिल्यावर सराव, आणि खासबागचं मैदान सगळ्यात शेवटी.

फिल्म_वाचणारी:
तीन महिन्यांना आधार काय? जन्मापासूनची सिस्ट तीन महिन्यांत भरून येणार आहे का? मार लागलेला नसेल, डोळ्याच्या पडद्याला सूज नसेल, तर थांबून हाती काही लागत नाही. हां, गेल्या महिन्यात पोरगं डोक्यावर पडलंय तर गोष्ट वेगळी.

एमआरआय परत करायचा तर सहा महिने ते वर्षाने एकदाच, गॅडोलिनियमशिवाय (शिरेतून देतात त्या रंगद्रव्याशिवाय), शक्यतो त्याच मशीनवर. बदल नसेल तर पुन्हा फिल्म नको. दर सहा महिन्यांनी फिल्म काढून घरच्यांची भीती वाढते, बाकी काही नाही. रिपोर्टाच्या कागदाबरोबर सीडीही न्या. सीपीआर या सरकारी दवाखान्यात दाखवा नाहीतर खाजगीत, मापं सीडीवरून पुन्हा घेता येतात. 'क्लिनिकली कोरिलेट करा' (लक्षणांशी ताडून बघा) हे रिपोर्टाखाली सर्रास छापलेलं असतं, ते वाचून घाबरू नका.

तांबडी_माती:
आणि कानाची टोपी घातली म्हणजे डोकं वाचलं असं कुणी समजू नये. ती कान फुगू नयेत म्हणून आहे, मेंदूला बसणारा हिसका तिने कमी होत नाही.

पट_काढणारा:
हे मान्य. मग वस्तादांच्या खोलीत कागद लावा: पोराला सिस्ट आहे. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी, उलटी, दोन-दोन दिसणं, एका हातापायात ढिलेपणा, गुंगी, यातलं एक जरी दिसलं तरी झोपवायचं नाही. त्याच रात्री सीटी. पहिल्या दिवशी काही झालं नाही तरी पुढचा महिनाभर लक्ष ठेवायचं. मैदानाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.