कोपेपॉडचं (पाण्यातल्या इवल्या कवचधारी जिवांचं) कल्चर तिसऱ्या आठवड्यात कोसळतं, असं का?

शेवाळपाणी: २० लिटरच्या टबात अकार्शिया जातीचे कोपेपॉड आहेत. पाण्याचा खारेपणा दर हजारी ३०, तापमान २६ अंश, हवा मंद. अंडी दिसतात, पण पिल्लं टिकत नाहीत. तळाला पांढरी टरफलंही साचतात. कुठे चुकतंय?

भिंगवाला: पिल्लं बहुधा मोठ्यांच्याच पोटात जाताहेत. अकार्शिया अंड्यांची पिशवी वागवत नाही, अंडी पाण्यात मोकळी सोडते आणि ती तळाला बसतात. रोज तळ सायफनने ओढा, १५० मायक्रॉनच्या आसपासच्या जाळीवर प्रौढ अडवा, खाली उतरलेली अंडी वेगळ्या भांड्यात उबवा. यीस्ट देत असाल तर थांबवा. ते कुजून अमोनिया वाढवतं. आयसोक्रायसिससारखं जिवंत शैवाल द्या, पाणी फिकट तपकिरी राहील इतकंच.

तळकाठ: टरफलांनी घाबरू नका, ती बरीचशी कात असते. नॉप्लियसच्या (अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या) ६ अवस्था, मग कोपेपोडाइटच्या (प्रौढासारख्या दिसणाऱ्या वाढत्या रूपाच्या) ६, त्यातली शेवटची प्रौढ. प्रत्येक पायरीला कात. प्रौढ मात्र कात टाकत नाही. रोटिफर (दुसरेच सूक्ष्म जलजीव) शिरले असतील तर नवीन सुरुवात करा, ते निवडत बसणं व्यर्थ.

शेवाळपाणी: समुद्रातही पिल्लं अशीच खाल्ली जातात?

भिंगवाला: जातात, पण तिथे गर्दी विरळ. बरेच कोपेपॉड रात्री वर येऊन शैवाल चरतात, दिवसा खोल उतरतात. त्यांची विष्ठा घट्ट गोळीची, सुट्या शैवालपेशीपेक्षा कितीतरी वेगाने बुडते. वरचा कार्बन असाच खाली जातो.