विष्णुपूरची मृण्मय शिल्पे आणि तेरची विटांची मंदिरे

सिद्धेश्वरपेठ, सोलापूर:
बंगालमधील विष्णुपूरची मंदिरे नुकतीच पाहिली. आपल्याकडे मंदिर म्हटले की काळा पाषाण डोळ्यांसमोर येतो. तिथे मात्र मल्ल घराण्यातील राजा रघुनाथ सिंह याने १६४३ मध्ये बांधलेल्या श्यामराय मंदिराच्या भिंती, कमानी आणि खांब भाजलेल्या मातीच्या शिल्पांनी भरून गेलेले आहेत. ही शिल्पे भिंत उभी राहिल्यावर विटेतच कोरली, की वेगळी घडवून बसवली? दगड मिळत नसल्यामुळेच हा मार्ग निवडला असावा का? आपल्या जवळच्या, धाराशिव जिल्ह्यातील तेरमध्येही विटांची प्राचीन मंदिरे आहेत. तिथे हीच पद्धत दिसते का?

मृद्गंध:
विष्णुपूरची शिल्पे वेगळी घडवलेली आहेत. मळलेल्या मातीच्या फरश्या करून त्या अर्धवट वाळल्या, की हत्याराने आकृत्या कोरायच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेलबुट्ट्या साच्यातून काढायच्या, मग सर्व भट्टीत भाजून चुन्याने भिंतीवर बसवायचे, असा तो क्रम होता. माती वाळताना आणि भाजताना आकसते, मोठा तुकडा तडकतो. म्हणून कृष्ण-गोपींच्या रासमंडलासारखा मोठा देखावा अनेक फरश्यांत विभागावा लागतो आणि सांधे जुळावेत यासाठी आकसण्याचा अंदाज आधीच बांधावा लागतो. मला या कलेतील खरे कसब इथेच दिसते.

दगडाच्या अभावाचे कारण मात्र अर्धेच खरे आहे. गाळाच्या बंगालमध्ये दगड दुर्मीळ असला, तरी विष्णुपूर परिसरात जांभा मिळतो आणि तिथली कित्येक मंदिरे जांभ्याचीच आहेत. जांभा सच्छिद्र व खरबरीत असल्याने त्यात बारीक नक्षी टिकत नाही. रामायणातील युद्धे, शिकारी, नौका इतक्या तपशिलाने दाखवायच्या, तर मातीच हवी.

बालाघाट:
तेरचे त्रिविक्रम मंदिर या परंपरेतले नाही. त्याची मागील बाजू अर्धगोलाकार असून छत गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे आहे. पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह (प्रार्थनागृह) असल्याचे मत मांडले होते. उत्तरेश्वर मंदिरात वीट आहे, पण तिथे पाहण्यासारखे आहे ते लाकडी कोरीवकाम. भाजलेल्या मातीचे काम पाहायचे असेल, तर तेरच्या लामतुरे संग्रहालयातील सातवाहनकालीन मृण्मय मूर्ती पाहाव्यात. गोरोबाकाकांच्या या गावी मातीला आकार देणारे हात त्यांच्याही शेकडो वर्षे आधीपासून होते.

विटेतच केलेले कोरीवकाम पाहायचे असेल, तर छत्तीसगडमधील सिरपूरचे लक्ष्मण मंदिर पाहा. राजा महाशिवगुप्त बालार्जुनाची आई वासटा हिने सातव्या शतकात ते उभारले. दाराची चौकट दगडी, गाभाऱ्याच्या भिंती शिखरापर्यंत विटांच्या, आणि गवाक्षांचे (खिडक्यांचे) आकार त्या विटांतूनच काढलेले.

मृद्गंध:
जोडून एक विनंती. गावाकडे विटांच्या जुन्या मंदिराची दुरुस्ती निघाली, तर सांध्यांत सिमेंट भरू देऊ नका. सिमेंट विटेतील ओल अडवून ठेवते, पाण्याबरोबर आलेला क्षार मग विटेच्या पृष्ठभागाशी साचतो आणि नक्षीचे पापुद्रे सुटू लागतात. चुन्याचा सांधा ओल बाहेर जाऊ देतो.