मेंदूतला फुगा, क्लिपिंग की कॉइलिंग?

चोपडेकर: मामींना (वय ५८) चक्कर यायची म्हणून जळगावला एमआरआय केला तर मागच्या बाजूला पायका नावाच्या नसेवर अन्युरिझम (नसेला आलेला फुगा) निघाला, फुटलेला नाहीये. एक डॉक्टर म्हणे कवटी उघडून फुग्याच्या तोंडाला क्लिप लावू, दुसरे म्हणे मांडीतून तार टाकून फुग्यात कॉइल (बारीक तारेची गुंडाळी) भरू. पायकाचा प्रकार दुर्मिळ आहे म्हणतात. काय करावं भो?

तापीकाठ: सरळ कॉइल. २००२ ची आयसॅट स्टडी बघा, क्लिप आणि कॉइलची तुलना केलेली, वर्षभरानंतर कॉइलवाल्यांची तब्येत जास्त चांगली होती.

जुना_रेडिओलॉजीवाला: भाऊ, आयसॅट फुटलेल्या फुग्यांवर होती, अन् बहुतेक पुढच्या नसांवरचे. इथं तशीच लावता येत नाही. पायका ब्रेनस्टेम आणि लहान मेंदूला रक्त देते, ती बंद पडली तर स्ट्रोक, आणि ऑपरेशनमध्ये शेजारच्या नर्व्हला धक्का लागला तर गिळायला, बोलायला त्रास. फुग्याचं तोंड अरुंद असेल तर कॉइल चांगली बसते, नसच फुग्यातून निघत असेल तर क्लिप किंवा बायपास (रक्ताला दुसऱ्या नसेतून वाट) बघावा लागतो. कॉइलमध्ये फुगा परत भरायची शक्यता जास्त, म्हणून फॉलोअपला जावंच लागतं. फ्लो डायव्हर्टर (नसेत बसवायची जाळीची नळी) बसवला तर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या कित्येक महिने, मधेच बंद करायच्या नाहीत.

चोपडेकर: मामी मशेरी लावतात, बीपीपण आहे.

जुना_रेडिओलॉजीवाला: मशेरी आजच बंद, बीपी रोज बघा. डीएसए (नसांत औषध सोडून काढायचा एक्स-रे) केली नसेल तर करा, त्याची सीडी घेऊन जिथं दोन्ही होतं अशा मोठ्या सेंटरला दाखवा, भुसावळहून मुंबईची गाडी रात्रीची पकडली की झालं. फुगा लहान असेल तर नुसतं लक्ष ठेवायचंही सांगतील.