शब्दचर्चा : ‘कारपूल लेन’ आणि ‘एक्स्प्रेस लेन’ला मराठीत काय म्हणायचं?

रेघोटी :
कॅलिफोर्नियातल्या हायवेंवरच्या ‘कारपूल लेन’ (गाडीत ठरलेली माणसं असली तरच) आणि ‘एक्स्प्रेस लेन’ (टोल भरून, माणसं जास्त असली तर सवलत) या दोन्हींना ‘विशेष मार्गिका’ म्हणून भागेल का? की ‘द्रुतगती मार्गिका’ बरं? आणि फलकावरच्या ‘एचओव्ही ३+’ला (हाय-ऑक्युपन्सी व्हेइकल, म्हणजे जास्त माणसं असलेली गाडी) ‘तीन किंवा अधिक प्रवासी’ बरोबर आहे ना?

चौपदरी :
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे खिशाला चाट बसते. ‘तीन प्रवासी’ लिहू नका. मराठीत ड्रायव्हर हा प्रवासी नसतो. ‘जीपमध्ये तीन प्रवासी होते’ म्हटलं की वाचणारा चालक धरून चार माणसं मोजतो. एचओव्ही ३+ म्हणजे चालक धरून तिघं. नवरा, बायको आणि मागे सीटमध्ये बांधलेलं तान्हं मूल, झाले तीन. (मूल मोजतात, पोटातलं मोजत नाहीत. त्यावरही तिकडे कोर्टात वाद झालेला आहे.) ‘प्रवासी’ वाचून हे जोडपं विनाकारण पूर्ण टोल भरेल.

चालकाला धरून मोजणारा शब्द आपल्याकडे आहेच : डबलसीट, ट्रिपलसीट. फक्त ट्रिपलसीट आपल्याकडे पावती फाडायचं कारण आहे आणि तिकडे टोलमाफीचं!

निमूट :
गंमत ठीक आहे, पण ट्रिपलसीट म्हटलं की दुचाकीच डोळ्यांपुढे येते. आणि कॅलिफोर्नियात मोटरसायकलला या लेनमध्ये एकट्यानेही जाता येतं, म्हणजे गोंधळात भर. ‘चालकासह ३ जण’ लिहा, पुरे.

घाटमाथा :
‘चालकासह’ला माझं अनुमोदन. आता दोन लेनचं पाहू. आधी वस्तू वेगळ्या करू, मग नावं ठेवू.

कारपूल लेनमध्ये पैशाचा संबंधच नाही. ठरलेल्या वेळेत गाडीत ठरलेली माणसं असली तर जायचं, नसली तर नाही. एकटे शिरलात आणि सापडलात तर दंड किमान ४९० डॉलर. एक्स्प्रेस लेनमध्ये एकट्यालाही मज्जाव नाही, पण टोल भरून. माणसं जास्त असली की टोल अर्धा किंवा माफ. पहिलीत माणसांची अट, दुसरीत माणसांवर सवलत. ‘विशेष’ म्हटलं की नेमकं हेच पुसलं जातं. पहिलीला ‘राखीव’ शोभतो. दुसरी राखीव नाही, तिच्यातली उरलेली जागा विकायला काढलेली आहे.

जागा विकायची कल्पना आली ती अशी : कारपूल लेन अर्धी मोकळी धावते आणि शेजारच्या तीन लेन तुंबलेल्या असतात. पण किती विकायची? एकेका लेनमधून तासाला जाऊ शकणाऱ्या गाड्यांना मर्यादा आहे. ती ओलांडली की वेग कोसळतो, आणि वेग कोसळल्यावर तीच लेन आधीपेक्षा कमी गाड्या पुढे काढते. म्हणून अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात कसोटी घातली आहे : ताशी ५० मैल किंवा त्याहून जास्त वेगमर्यादेच्या रस्त्यावर, गर्दीच्या वेळेपैकी ९० टक्के वेळ ताशी किमान ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किमी वेग राहिला पाहिजे. लेन भरत आली की टोल चढवतात. तरीही भरली तर फलकावर दराच्या जागी ‘फक्त एचओव्ही’ येतं आणि विक्री बंद.

रेघोटी :
मग ‘डायनॅमिक टोल’ला ‘परिवर्तनशील पथकर’?

चौपदरी :
तो शब्द वाचून होईपर्यंत प्रवेशाची जागा मागे पडेल. ताशी ६५ मैलांनी गाडी सेकंदाला २९ मीटर जाते.

इथेही दोन प्रकार आहेत. ऑरेंज काउंटीतल्या ९१ क्रमांकाच्या रस्त्यावर २७ डिसेंबर १९९५ला टोलच्या एक्स्प्रेस लेन सुरू झाल्या. तिथे दर तासागणिक वेगळा, पण छापील वेळापत्रकातला, घरी बसून बघता येणारा. सॅन डिएगोच्या आय-१५ (इंटरस्टेट, म्हणजे आंतरराज्य हायवे, क्रमांक १५) वर १९९८पासून गर्दी मोजून दर काही मिनिटांना टोल बदलायला लागले. पहिल्याला मी ‘वेळवार दर’ म्हणेन, दुसऱ्याला ‘चढउतारी दर’. दोन्हींना ‘बदलता’ म्हटलं तर वाचणाऱ्याला महत्त्वाचं तेच कळत नाही : दर आधी समजतो की फलकापाशी पोचल्यावर?

निमूट :
‘चढउतारी’ आवडला. ‘भाव’ मात्र नको. मार्केट यार्डात आवक वाढली की भाव पडतो, इथे गाड्या वाढल्या की टोल चढतो. गाड्या म्हणजे गिऱ्हाईक आणि लेन हा माल, हे ध्यानात येईपर्यंत माणूस उलटंच समजतो.

फलकावर पाहिलेला दर पुढे चढला तरी तुम्हाला आधीचाच पडतो, हेही लिहा. नाहीतर लोक घाबरून मधेच बाहेर पडायला बघतात आणि जोड पांढरी रेघ ओलांडतात. ती ओलांडणं हा वेगळा गुन्हा आहे.

घाटमाथा :
आता लेनच्या नावाकडे वळू. ‘द्रुतगती’ नको. द्रुतगती मार्ग म्हटला की मराठी माणसाला आख्खा मुंबई-पुणे रस्ता आठवतो, आणि ‘द्रुतगती मार्गिका’ म्हणजे त्याची उजवीकडची, ओव्हरटेकची लेन. तिकडे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने, त्यामुळे एक्स्प्रेस लेन सगळ्यात डावीकडे, दुभाजकाला लागून. शिवाय ‘मार्गिका’ आता मेट्रोच्या आख्ख्या लाइनलाही म्हणतात.

मला मुंबई लोकलचा ‘जलद’ जवळचा वाटतो. जलद गाडी नुसती भरधाव नसते, ती मधल्या स्टेशनांवर थांबत नाही. बऱ्याच एक्स्प्रेस लेनचंही तसंच : ठरलेल्या जागीच आत, ठरलेल्या जागीच बाहेर. तुमचा एक्झिट मधल्या टप्प्यात येत असेल तर आधीच बाहेर पडायचं, नाहीतर विक्रोळीला उतरणारा थेट ठाण्याला.

रेघोटी :
‘जलद लेन’ घेते. ‘कारपूल’ला ‘सहप्रवास’?

निमूट :
सहप्रवास बसमध्येही असतो. ‘वडाप’ सुचवायचा मोह होतो, पण वडाप हा धंदा आहे, सीटमागे पैसे घेऊन. कारपूल म्हणजे एकाच वाटेचे लोक एका गाडीत. ‘कारपूल’च ठेवा, सगळ्यांना कळतो.

उत्तर व्हर्जिनियात वॉशिंग्टनला जाणारे चालक लेनची अट पुरी करायला रांगेतल्या अनोळखी माणसांना गाडीत घेतात. पैसे कोणी देत-घेत नाही. त्या माणसांना ‘स्लग’ म्हणतात, मूळ अर्थ खोटं नाणं. आपल्याकडे सभेला कोरम भरायला माणूस बोलावतात ना, तसा हा ‘गणपूर्तीचा उतारू’.

चौपदरी :
टॅगबद्दल एक ओळ हवीच. तिकडचा फास्ट्रॅक आणि आपला फास्टॅग एक नव्हेत (आणि ते घड्याळही नव्हे). फास्टॅग हा काचेवरचा स्टिकर, त्याला गाडीचा वर्ग कळतो, माणसं कळत नाहीत. फास्ट्रॅक फ्लेक्स ही छोटी डबी, तिच्यावर १, २, ३+ अशी सरकती कळ. ती निघण्याआधी, गाडी उभी असताना लावायची. तिघं असून कळ १वर राहिली तर पूर्ण टोल कापला जातो, एकटे असून ३+वर राहिली तर दंड. कळ नसलेला जुना टॅग असेल तर माणसं कितीही असोत, पूर्ण टोल.

‘कारपूल म्हणजे तिघं’ असंही सरसकट लिहू नका. आय-८८०वर तिघांना माफ आणि दोघांना अर्धा, तर आय-५८०वर दोघांनाही माफ.

रेघोटी :
मग आय-८८०चा मजकूर असा :

‘जलद लेन (टोल). सोम–शुक्र, सकाळी ५ ते रात्री ८. चालकासह ३ जण : माफ. २ जण : अर्धा. एकटे : फलकावरचा दर. टॅगची कळ आधी लावा.’

निमूट :
‘३ जण’च्या जागी ‘३ किंवा जास्त’ करा. नाहीतर चौघं विचारत बसतील.